किनाऱ्यावर न्यायची शेगडी

कोल्हापूरचा माणूस कोकणात जाताना कपड्यांच्या आधी चटणीची बरणी भरतो, हे मला काही नवीन नव्हतं. तरीही त्या संध्याकाळी माझं डोकं फिरलं, आणि आज लिहितानाही ते जाग्यावर नाही.

महिनाभर मी त्या सहलीच्या मागे होते. शाळेतून शिकवून आले की नकाशा पुढ्यात घेऊन बसायची. गगनबावड्याचा घाट उतरून विजयदुर्ग, तिथून देवगड, आचऱ्यावरून मालवण, मग वेंगुर्ला आणि आंबोलीमार्गे घरी. आम्ही दोघं, धाकटा दीर आणि जाऊ. विजयदुर्गाला ओहोटी कधी असते ते विचारून ठेवलं होतं, वेंगुर्ल्यात डचांची पडकी वखार कुठल्या बाजूला आहे तेही. खरं सांगायचं तर ही सगळी उठाठेव जावेसाठी होती. गारगोटीचं माहेर, कोल्हापूरचं सासर, चाळिशी आली, आणि बाईनं समुद्र पाहिलेला नाही. तीन-चार तासांवरचा समुद्र! दीर मात्र मित्रांबरोबर किती वेळा जाऊन आलेत, ते त्यांनाही सांगता येणार नाही.

निघायला दोन दिवस असताना दोघे भाऊ मी मार्ग लिहून काढलेला कागद घेऊन बसले. शेगडी, सिलिंडर, दोन पातेली, परात, भाकरीचं पीठ. मटण आपल्या नेहमीच्या दुकानातलंच, हळद-मीठ लावून घरून शिजवून न्यायचं. खोबऱ्याच्या कालवणावर चार दिवस कोण काढणार, असं दिरांचं म्हणणं. मग पेन फिरू लागलं. विजयदुर्गाजवळ शेगडी मांडायला सावली मिळेल का नाही, कुणाला माहीत, म्हणून विजयदुर्ग खोडला. भाकऱ्या थापण्यात सकाळ जाणार, म्हणून वखार गेली. माझ्या चार दिवसांत आता किल्ले नव्हते, नळ आणि झाडं होती.

शेगडी येणार असेल तर मी तिच्यापुढे बसणार नाही, असं मी सांगून टाकलं. मग काय उपाशी राहायचं, असं नवऱ्यानं विचारलं. मालवणात माणसं जेवत नाहीत का, म्हणून मी आवाज चढवला. शेजारचा टीव्ही बारीक झाला.

तेवढ्यात जाऊ स्वयंपाकघराच्या दारात आली.

"सैपाकाचं मी बघीन की. तुमी किल्ला बघून या, अक्का."

तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती निघाली जावेवरच. जिच्यासाठी मी भांडत होते तीच पदर खोचून उभी! जन्मभर चुलीपुढंच बस मग, असं मी तिला सगळ्यांदेखत फाडकन बोलले. ती जराही चिडली नाही.

"शेगडीपाशी बसून का हुईना, दिसंल की मला समुद्र," ती म्हणाली.

एवढी कटकट असेल तर जायलाच नको, म्हणत दिरांनी कागद चोळामोळा केला आणि नवऱ्यानं मान हलवली. जावेनं भिजत घातलेली डाळ तेवढी उचलून आत नेली.

निघायचं ठरलं होतं त्याच शनिवारी दोघे भाऊ एका मित्राच्या गाडीनं मालवणला गेले. शेगडी घरीच होती. चार दिवस खानावळीत जेवले आणि सुरमई काय मिळाली म्हणून सांगत परत आले. खोबऱ्याचं कालवणही चांगलं होतं म्हणे. मी ते ऐकलं तेव्हा हातात तांब्या होता, तो फेकला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

पण सगळा राग त्यांच्यावर ढकलून मोकळं होता येत नाही. त्या चार दिवसांत आमची गाडी दारातच उभी होती. मला चालवता येते. मी मात्र फुगून बसून राहिले, आणि जाऊ दोन्ही वेळा माझं ताट खोलीत आणून देत होती. समुद्र तिनं अजून पाहिलेला नाही.