डावी भुवई एक मिलिमीटर वर

ओझरच्या विमान कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. निवृत्त झाल्यावर हाताला एकच काम उरलं, ते म्हणजे रोज सकाळी बायकोच्या भुवया रेखणं. चार वर्षांपूर्वी हिला चाई लागली. डोक्यावरचे केस बरेचसे परत आले, भुवया मात्र गेल्या त्या गेल्याच. स्वतः रेखायच्या तर जवळचं दिसायला चष्मा लागतो, आणि चष्मा लावला की नेमक्या भुवयाच झाकल्या जातात. म्हणून चहा झाला की ही खिडकीपाशी स्टुलावर डोळे मिटून बसायची आणि मी पेन्सिल घेऊन समोर उभा. "विमान नका काढू," हे तिचं रोजचं वाक्य. ती दहा मिनिटं मला फार आवडायची. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा चेहरा इतका निरखून मी कधी बघितलाच नव्हता.

दिवाळीनंतर तिने एकदम जाहीर केलं की कॉलेज रोडच्या एका पार्लरमध्ये भुवया गोंदल्यासारख्या करून देतात, वर्ष-दीड वर्ष टिकतात, आपल्याला तिथे जायचंय. मला रागच आला.

"माझ्या कामात काय खोट निघाली?"

"काही नाही. स्कूटर काढा."

पार्लरमधली मुलगी चांदवडकडची होती. शुगर आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, सगळं तिने आधी विचारून घेतलं. मग म्हणाली, "काकू, बारीक पात्यानं एकेक केस काढल्यासारखा रंग भरते. बधिर करायचं क्रीम लावते, तरी थोडं चुरचुरंल. पहिला आठवडा लय काळ्या दिसतील, मग खपल्या पडल्या की गायब झाल्यासारख्या वाटतील. घाबरायचं नाय, महिन्याभरात रंग वर येतो. दहा दिवस पाणी, साबण नाय, पेन्सिल तर नायच. दीड महिन्यानं परत या, टचअपला. पहिल्या भुवयांचा फोटो हाय का?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" ही म्हणाली. "ह्यांनी सकाळी रेखल्यात, तशाच कर."

मुलीने कपाळाच्या मधोमध दोरा धरून आधी सेंटर लाइन मारली. पोरीला काम येत होतं. मग ती माझ्याकडे वळली. "काका, डावी एक मिलिमीटर वर हाय."

"ती वरच असते," मी म्हणालो. माझं काही पटलं नाही की हिची डावी भुवई चढते, आणि माझं हिला फारसं कधी पटत नाही.

"राहू दे तशीच," ही म्हणाली.

क्रीम लावून थांबलो होतो तेव्हा मुलीने सहज विचारलं, "काका एवढ्या छान काढतात, मग हे कशाला करताय?"

ही डोळे मिटूनच बोलली. "ह्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा पाच दिवस दवाखान्यात होते. मी स्कार्फ कपाळावर ओढून भेटायला जायचे. ह्यांना वाटायचं मला थंडी वाजते." मग म्हणाली, "एक दिवस हे नसतील. तेव्हा घरात माणसं येतील. त्यांच्यासमोर मी कशी बसू?"

मी उठून बाहेर गेलो आणि पार्लरच्या पायरीवर बसून रडलो. त्यात लपवायचं काय?

बाराव्या दिवशी खपल्या पडल्या आणि भुवया खरंच दिसेनाशा झाल्या. ही रडकुंडीला आली. मी मुलीचे शब्द आठवून आठवून तिची समजूत घालत होतो, पण खरं सांगतो, आत कुठेतरी मला बरं वाटत होतं. मेल्या नाहीच टिकल्या तर बरं, असंही एकदा मनात आलं. म्हातारपणी माणूस लबाड होतो. पण मुलगी म्हणाली तसंच झालं. महिन्याभरात रंग वर आला, केसागणिक नीट, आणि डावी एक मिलिमीटर वर.

त्या सकाळी चहा झाल्यावर मी पेन्सिल ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. वळून बघतो तर ही खिडकीपाशी स्टुलावर, डोळे मिटून बसलेली.

"अगं, आता काय रेखायचं?"

"काही नाही," ती म्हणाली. "जागच्या जागी आहेत का, तेवढं रोज बघत जा."