पूजेतला पाना

"गाडी असो का माणूस, पाय फाकवून उभं राह्यलं पाह्यजे," असं म्हणत तो टायरवर चप्पल आपटायचा. नागपुरात असा टॅक्सीवाला तुम्हीही पाहिला असेल: अंगात साधा शर्ट, पण गाडी नवरदेवासारखी.

त्याचा शौकच त्याला नडला, असं सगळे म्हणाले. इतकी वर्षं मीही मान हलवत आलो, त्याच्या मागे राहिलेल्या बायकोसमोरसुद्धा. ते खोटं आहे.

उमरेड रोडवर माझं गॅरेज होतं. भरलेली गाडी वळणावर झुलते म्हणून त्याला स्पेसर हवे होते. चाक आणि ब्रेकच्या ड्रमच्या मध्ये बसवायच्या जाड लोखंडी चकत्या. त्यांनी चाकं बाहेर सरकतात, गाडी रुंद उभी राहते. पण नटाला धरायला आटे कमी उरतात.

"थोडी फिरवून आण आन् नट पुन्हा कसून घे," चकत्या बसवून झाल्यावर मी बजावलं. "विसरशीन त चाक तुह्याआधी घरी जाईन."

"जाऊ दे गा, बायकोले चहा मांडाले सांगन!"

तो विसरला नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. छप्पन साली बौद्ध झालेल्या त्याच्या घराचा तो मोठा दिवस. गावाकडच्या लोकांना तो फुकट दीक्षाभूमीवर पोचवत होता. मध्येच माझ्या दारात थांबला. त्याचा पाना आदल्या दिवशी माझ्याकडेच राहिला होता. माझ्या अवजारांबरोबर मी तोही हळदकुंकू लावून पाटावर मांडला होता.

"चारही चाकं कसून दे गा."

"आज अवजार उचलत नाही भाऊ. उद्या ये."

"लोखंडाले कायची सुट्टी?"

"पूजा मांडली ना!"

"मंग माहा पाना दे. मी कसतो."

"पूजा मोडते गा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. गाडीत म्हाताऱ्या बायका खोळंबल्या होत्या. "राहू दे. तुह्या देवाले राग नको," म्हणाला आणि गेला.

दुपारी रस्त्यावरून एक चाक एकटंच येताना दिसलं. मागे गाडी नाही, माणूस नाही. माझ्या दारापुढून गेलं, भिंतीला धडकलं आणि गरगरत आडवं पडलं. आत माझीच चकती अडकलेली.

मी धावलो. बायकांना पोचवून तो एकटाच परतत होता. गाडी कडुनिंबात घुसली होती, तो स्टिअरिंगवर वाकलेला. लोक त्याला बाहेर ओढत होते.

"पाहून काय राह्यला? हात लाव ना!" कोणीतरी ओरडलं.

माझा हात मोकळा नव्हता. त्यात त्याचा पाना होता, हळदकुंकवासकट. कधी उचलला, मला अजून आठवत नाही.