बुडणारं कासव

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, बूढापारा मोहल्ल्यात, कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. मशीन सुधारलं की ते चालतं का हे पाहायला, कुणी नावही न ऐकलेला एखादा गेम त्यावर खेळतात आणि त्याचं परीक्षण चिठ्ठीवर लिहून कीबोर्डला चिकटवतात. माझ्या कॉम्प्युटरसोबत आलेली चिठ्ठी अजून ड्रॉवरमध्ये आहे: "पोस्टमनचा गेम. कुत्रे चौदा, पत्र एक. पत्रात काय होतं ते शेवटपर्यंत सांगत नाही. तरी पोहोचवलं."

नावाजलेले गेम का खेळत नाही, असं विचारलं तर मान वर न करता म्हणतात, "त्याईले खेळणारे लय आहेत, भाऊ. ह्याईले कोण विचारते?"

गेम पूर्ण खेळल्याशिवाय ते एक शब्द लिहीत नाहीत. त्यामुळे मशीन उशिरा मिळतं आणि मी चिडतो.

मागच्या महिन्यात मुलीचा लॅपटॉप त्यांच्याकडे दिला होता. तिनं कॉलेजात बनवलेला एक गेम त्यात होता. कुणीच खेळलं नाही म्हणून वर्षभर तिनं त्याला हात लावला नव्हता. लॅपटॉप चार दिवस उशिरा आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: "कासवाले तलाव ओलांडायचा आहे. सतरा वेळा बुडालो. कासव कसं बुडते, हे बनवणाऱ्यालेच माहीत. अठराव्यांदा पोहोचलो, तर दुकानात एकटाच टाळ्या वाजवून राहिलो होतो."

मुलीनं चिठ्ठी दोनदा वाचली. "बाबा, उन्होंने पूरा खेला?"

"ते पूर्णच खेळतात."

ती लॅपटॉपवर गेमचा कोड उघडून बसली. जेवायला हाक मारली तर पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "रुको बाबा, कछुआ तैरना सीख रहा है."