नागपूरचं समुद्राचं पाणी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. परवा एका जुन्या सोबत्यानं हसत हसत तीच गोष्ट पुन्हा काढली, "त्या कोकणातल्या अडाण्यानं आपलं मशीन खराब केलं गा!" अन् मी मुंडी हलवली. परत एकदा! लाज कशी वाटली नाही मला?

सत्तरच्या दशकात मी नागपुरात पाण्याच्या एका प्रयोगशाळेत सहायक होतो. समुद्राचं खारं पाणी उकळायचं, वाफ गार करून गोडं पाणी काढायचं — असं एक छोटं यंत्र आम्ही कोकणातल्या एका गावासाठी बनवत होतो. आता नागपुरात समुद्र कुठला? मालगाडीनं ड्रमभर पाणी मागवलं. महिनाभर तेच पुरवून चाचणी घ्यायची होती.

मी तोवर समुद्र पाहिलाच नव्हता. शनिवारी सगळे गेल्यावर ड्रमची तोटी उघडली, ओंजळ भरली, चाटून पाहिली. पोरकटपणा, दुसरं काय! पण तोटी नीट बंद केली नाही. सोमवारी सगळ्यांच्या आधी आलो तर ड्रम रिकामा — समुद्र नालीत.

सरळ सांगून टाकायचं ना? नाही! इतवारी बाजारातून सात किलो मीठ आणलं. दुकानदार म्हणाला, "काहून गा, एवढं मीठ? गावभराचं लोणचं घालून राहिला का?" नळाचं पाणी भरलं, मीठ ढवळलं. खारटपणा मोजला, बरोबर भरला. अन् मला पक्कं ठाऊक होतं — समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं. आणखी क्षार असतात, तेच नळ्यांत चुन्यासारखे बसतात. चाचणी झकास झाली. साहेबांनी पेढे वाटले. महिनाभर चालून नळ्या इतक्या स्वच्छ कशा, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही! पण त्यांना कशाला बोल लावू? चोर तर मीच होतो.

यंत्र गावात बसलं अन् दोन महिन्यांत नळ्या बुजल्या. चौकशीला पाठवलं कोणाला? मलाच!

यंत्र चालवायला गावातला धोंडू होता. बायका त्याला तोंडावर बोलत होत्या — मेल्या, आमचं पाणी तूच घालवलंस. तो हात जोडून मला म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगितलंत तसंच चालवलं हो." खरंच तसंच चालवलं होतं! मी एक नळी कापली, आत पांढरा दगड जमलेला. तरी लिहिलं — चालकाचा निष्काळजीपणा. त्याच्याच ओटीवर बसून, त्याच्यासमोर लिहिलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्या कागदापायी त्याचं काम गेलं, अन् यंत्र पुन्हा कधी सुरू झालं नाही.

निघताना त्यानं विचारलं, "दुरुस्त होईल ना, साहेब?" मी म्हटलं, होईल.

मग त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याच्या बायकोनं सकाळीच दोन मैलांवरून डोक्यावर आणलेलं पाणी. ऊन फार होतं. मी तांब्या रिकामा केला.