मुंगसाचं माहेर

वहिनी देगलूरकडच्या तेलुगू घरातली. लग्न होऊन रेणापूरला आली आणि वर्षभरात असं अस्सल मराठी बोलायला लागली की बाजारातल्या बाया तिच्याशी घासाघीस करायला कचरायच्या. मला तिचं फार कौतुक वाटे. तेलुगू उरलं ते फक्त आईशी फोनवर बोलण्यापुरतं. तेव्हाही दादा हमखास म्हणायचा, "झालं हिचं यंडुगुंडू सुरू." वहिनी हसून फोन घेऊन गोठ्याकडे जायची. माझं मात्र डोकं फिरायचं. ज्याला एक भाषा धड बोलता येत नाही, त्यानं दोन भाषा बोलणाऱ्या बायकोला हसावं, याला काय म्हणावं?

गेल्या वर्षी तिची आई वारली. नंतर एकदा वहिनी मला म्हणाली, "भावजी, आता तेलुगूत बोलाया मला कुनीच राह्यलं न्हाई." 

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतपूजेला, आम्ही सगळे दादाच्या शेतात भज्जी-आंबील खात बसलो होतो. बांधावरून मुंगूस पळालं. नातवंडांनी रिवाजाप्रमाणं त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगितलं, कारण मुंगसाचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो. दादाच्या नातीनं मला विचारलं, याला इंग्रजीत काय म्हणतात? आयुष्यभर लातूरला इंग्रजी शिकवलं, त्यात शब्दांची कुळं शोधायची खोड. मी थोडाच थांबतो! म्हटलं, मंगूज, आणि तो शब्द आपल्याकडचाच. युरोपातली माणसं जहाजांनी इकडे आली आणि इथलं नावच उचलून घेऊन गेली.

दादाची छाती फुगली. म्हणाला, इंग्रजांना बी मराठीच लागली की.

मग मी पुढचं सांगितलं. जाणकारांच्या मते मराठीत तो शब्द आला तेलुगू-कानडीकडून. वहिनीला विचारलं, तुमच्या माहेरी काय म्हणतात?

आंबील ओतता ओतता ती थांबली. "मुंगिसा."

दादा खाली मान घालून जेवायला लागला. तेवढ्यात मुंगूस पुन्हा बांधावर आलं. पोरं ओरडणार, तर दादानं त्यांना हातानंच थांबवलं आणि वहिनीला विचारलं, "तुझी आई कसं बोलवायची याला?"

"मुंगिसा, इटु रा. म्हंजे, इकडं ये."

दादानं अडखळत तसंच म्हटलं. मुंगूस केव्हाच तुरीत शिरलं होतं. तरी तो पुन्हा म्हणाला, आणि वहिनी पदरानं डोळे पुसत त्याला उच्चार शिकवायला लागली.