पट्टी कुणाच्या डोळ्यावर

आमच्या क्लबच्या कार्यालयात दारासमोरच एक फोटो आहे. एका बाईच्या डोळ्यावर हिरवी पट्टी आणि तिचा हात धरून उभी असलेली मी, तेव्हाची, सडपातळ. क्लबच्या पहिल्या नेत्रशिबिरातला हा फोटो. अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावात आम्ही डोळे तपासले आणि मोतीबिंदू निघालेल्यांना सोलापूरला आणून ऑपरेशनं करवली. नंतर रक्तदान झालं, झाडं लावली, शाळांना बाकं दिली. पण क्लब काय करतो असं कुणी विचारलं की मी त्या बाईचीच गोष्ट सांगायची. पट्टी सोडल्यावर तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "दिसतंय की."

यंदा क्लबला पंचवीस वर्षं झाली. वर्धापनदिनाला त्याच बाईचा सत्कार करायचा, असं अध्यक्षांच्या मनात आलं. त्यांचं नवी पेठेत कापडाचं दुकान आहे. एकदा मनात आलं की ते मागं हटत नाहीत. शोधायचं काम माझ्याकडं आलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून अशी कामं माझ्याकडंच येतात.

गावात फोटो दाखवला तर एक जण लगेच म्हणाला, ही तर आमची चुलती. त्यानं मला घरी नेलं. म्हातारी शेळ्यांना पाला टाकत होती. पुतण्यानं तिला कानडीत सगळं सांगितलं आणि फोटो हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

"व्हय, मीच की ही," ती म्हणाली. मला हायसं वाटलं. तेवढ्यात ती पुढं म्हणाली, "पन माझं आपरेशन कुटं झालं? जावंचं झालं. मी सोबतीला आलते."

मला काही कळेना. मग तिनं सावकाश सांगितलं. जाऊ ऑपरेशनला घाबरली, खोलीत जाईना. तेव्हा नर्सबाईंनी हिच्या डोळ्यावर पट्टी बांधून दाखवली, बघ, काही होत नाही म्हणून. त्याच वेळी कुणीतरी फोटो काढला. जावेचं ऑपरेशन चांगलं झालं. पुढं कितीतरी वर्षं ती सुईत दोरा ओवायची. आता ती नव्हती.

परतताना गाडीत मी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, फोटोत त्याच आहेत ना? मग त्यांनाच आणा." मला ते पटलंही आणि पटलंही नाही.

वर्धापनदिनाला सभागृह भरलं होतं. सूत्रसंचालकांनी 'आमच्या क्लबमुळे जिला दृष्टी मिळाली ती माउली' म्हणून तिला पुकारलं. मी तिला हाताला धरून स्टेजवर नेऊ लागले. प्रत्येक पायरी ती आधी पायानं चाचपत होती. वर अध्यक्षांनी शाल दिली, तर तिनं हात पुढं केला तो शालीच्या बाजूला, हवेत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, हिला नीट दिसतच नाही. मग फोटोतली बाई तिनं ओळखली कशी? तिनं पाहून सांगितलं, की पुतण्या म्हणाला म्हणून हो म्हटलं?

तिला माइक दिला. ती कानडीत बोलली, बराच वेळ. मला कानडी येत नाही. 'नेगेण्णी' म्हणजे जाऊ, एवढं पुतण्याकडून कळलं होतं, आणि तो शब्द पुन्हा पुन्हा येत होता. मागच्या रांगांत काही लोक हसले. एका बाईनं डोळ्याला पदर लावला. अध्यक्षांना गिऱ्हाइकांमुळं कानडी येते, त्यांनी मराठीत सांगितलं, "मावशी म्हणतात, क्लबचे उपकार विसरणार नाही." टाळ्या झाल्या. एवढ्या बोलण्याचं एवढंच?

जेवणाच्या वेळी मी तिच्याशेजारी बसले आणि विचारलं, मावशी, काय बोललात?

"जावंचं सांगितलं. पट्टी सोडली तवा माझं तोंड तिला पयल्यांदा धड दिसलं. म्हनली, तू अशी हाईस व्हय, मला वाटलं लई देखनी असशील." ती जेवता जेवता थांबली. "ती व्हती तवा तिला बोलवाया पायजे व्हतं तुमी. मी काय केलं?"

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही तिचे डोळे तपासून घेतले. दोन्हीकडं मोतीबिंदू होता. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. या वेळी पट्टी सोडताना मी मुद्दाम समोर उभी राहिले. तिनं माझ्याकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले. माझ्या तोंडावरून हात काही फिरवला नाही. मी मोबाइलवर तोच जुना फोटो उघडून पुढं धरला. ती पाहतच राहिली.

"दोघींची लुगडी एकाच ताग्यातली," ती म्हणाली. "तोंड अर्धं पट्टीत. मी असंन, न्हायतर ती असंल."

"पण पट्टी तुम्हाला बांधली होती ना?"

"बांधली व्हती की. तिला बी बांधली व्हतीच की."

एवढं बोलून तिनं पुतण्याला डबा उघडायला सांगितला. तिला भूक लागली होती.

परवा नवीन सभासदांच्या बैठकीत बोलताना मी सवयीनं तीच गोष्ट सुरू केली आणि मध्येच अडखळले. मग दोन्ही जावांचं सांगितलं, जसं कळलं तसं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पण ऑपरेशन नेमकं कुणाचं झालं?"

मी म्हटलं, "आता दोघींचंही झालं."

तिचं समाधान झालेलं दिसलं. माझं अजून झालेलं नाही.