आडव्या चित्रातले तातांग

फ्लोर्देलिझा आगपालो हे एवढं लांबलचक नाव सिंगापुरात कुणालाच पेलत नसे. पहिल्या घरच्या मॅडमनी ते तोडून लिझा केलं, आणि तिसऱ्या घरात येईतो तिला स्वतःलाही तेच आपलं वाटायला लागलं होतं. अकरा वर्षं ती दुसऱ्यांची म्हातारी माणसं उठवत-बसवत होती. सध्या आमांचं करायची. आमा म्हणजे मॅडमच्या सासूबाई. वय चौऱ्याऐंशी, पायांनी अधू, जिभेनं ठणठणीत.

तिचे वडील, तातांग, मंगळवारी मायदेशी, गावातच वारले. मॅडम 'जाऊ नकोस' म्हणाल्या नाहीत. "मग आमांकडे कोण बघणार, लिझा?" एवढंच त्यांनी विचारलं. असल्या भल्या माणसांशी धड भांडताही येत नाही, हीच तर पंचाईत. बदली बाई सोमवारी मिळणार होती आणि दफन शनिवारी होतं. तेव्हा धाकटा भाऊ जुनिफर फोनवर म्हणाला, "मनांग, तू काळजी सोड. मी सगळं लाइव्ह दाखवतो. झाकण लावायच्या आधी तातांगचा चेहरा तुला दिसला म्हणजे दिसलाच. माझी जबाबदारी." थोरल्या बहिणीला तो मनांगच म्हणे. त्याची जबाबदारी म्हणजे काय असते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी दीडला आमांना पेज भरवून लिझा स्वयंपाकघरात स्टुलावर फोन घेऊन बसली. जुनिफरनं फोन उभा धरून सुरुवात केली. चर्चचं दार, काळ्या कपड्यातली आई, मावशांची रांग, सगळं नीट दिसत होतं. पण शवपेटीपाशी आल्यावर ती काही चौकटीत मावेना, म्हणून त्यानं फोन आडवा केला. तिथेच घोळ झाला. त्या ॲपचा कायदा असा की सुरुवातीला फोन जसा धरला तसाच शेवटपर्यंत धरायचा. मध्येच वळवला तर बघणाऱ्यांचं जग कलंडतं. आई, मावशा, पाद्री, सगळे भिंतीला चिकटवल्यासारखे आडवे झाले.

लिझानं आपला फोन वळवला. चित्रही त्याच्याबरोबर वळलं आणि पुन्हा आडवंच राहिलं. उलटीकडे वळवला, तरी तेच. खाली कॉमेंट यायला लागल्या. रोमच्या मावशीनं लिहिलं, "अरे जुनिफर, फोन सरळ धर, माझी मान मोडली." दम्मामचा चुलतभाऊ उत्तरला, "त्याचा बरोबर आहे, मावशी, तुमचाच वाकडा असेल." "माझा फोन नाही रे मेल्या, तुझं डोकं वाकडं." मयताच्या वेळीसुद्धा दोघांचं जुंपलं. जुनिफर यातलं काही वाचतच नव्हता. लिझानं त्याला फोन लावला, त्यानं कट केला. पुन्हा लावला तेव्हा चित्रच थिजलं. दोन सेकंदांनी ते चालू झालं, पण तिसऱ्यांदा लावायची तिची छाती झाली नाही.

मग तिनं हात टेकले. जसं दिसत होतं तसं बघायला लागली.

माणसं आडवी होती, पण पेटी उभी होती. नशिबानं डोक्याची बाजू वर आली होती. पांढरा बारोंग सदरा घातलेले तातांग पेटीच्या काचेआड चक्क उभे होते. लाओआग ते पागुदपुद बसवर तीस वर्षं कंडक्टरकी केलेला हा माणूस. सीट रिकामी असली तरी त्यांना बसवत नसे. पक्षाघात झाल्यापासूनची तीन वर्षं मात्र खाटेला खिळले होते. आमांना लिझा दिवसातून चार वेळा उभं करायची आणि आपल्या बापाला एकदाही करता आलं नाही, याचा तिला फार राग होता. तो कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. आता ते आपणहून उभे होते, भांग नीट पाडून. तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

"मघापासून काय गं फोन गरागरा फिरवत होतीस?" चाकांच्या खुर्चीतून आमा दारात आल्या होत्या.

"तातांगचं चित्र आडवं येतंय, आमा. पण असू दे."

"असू दे काय? आण इकडे. मी रोज पडल्या पडल्या नाटकं बघते, ती काय अशीच? आत एक कुलूप असतं, ते लावलं की चित्र वळतच नाही. नातवानं शिकवलंय मला."

"नको आमा, खरंच नको."

"बापाचं शेवटचं दर्शन असं वाकडं घेणार? आण म्हणते ना!"

या घरात नाही म्हणायची लिझाला सवयच नव्हती. आमांनी वरची पट्टी खाली ओढली, कुलपाच्या खुणेवर टिचकी मारली, फोन आडवा केला आणि ऐटीत तिच्यापुढे धरला. "घे. झालं सरळ."

खरंच झालं. आई उभी राहिली, मावशा उभ्या राहिल्या, पाद्री उभा राहिला, आणि तातांग आडवे झाले.

मंगळवारपासून लिझा रडली नव्हती. ते गेले हे तिला आत्ता कळलं. तिच्या घशातून असा आवाज निघाला की आमांच्या हातून फोन सुटता सुटता राहिला.

"अगं, सरळच केलं ना मी?" आमा घाबरून म्हणाल्या. "काय चुकलं माझं?"

"काही नाही, आमा. तुमचं काही नाही चुकलं."

तिनं घाईघाईनं फोन घेतला आणि उभा धरला. तातांग परत उभे राहिले. पण तेवढ्यात बाजूनं झाकण आलं, आतून कुणी दार लोटून घ्यावं तसं, आणि त्यांच्यावर मिटलं.

"दिसले ना, मनांग?" जुनिफरचा रडवेला आवाज आला. "नीट दिसले ना?"

'दिसले,' लिझानं खाली लिहिलं. तो वाचत नव्हताच.